केळ्याचा केक आणि मधुमेह

खारदांड्यातल्या माझ्या दवाखान्यात गेल्या महिन्यात एक मावशी आल्या. वय साठीच्या आसपास, सारे आयुष्य मासळी विकण्यात गेलेले. मधुमेह आठ वर्षांचा. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा ७.२ वरून ९.१ वर गेलेला. "डॉक्टर, मिठाईला हात लावत नाय मी," त्या म्हणाल्या, आणि ते खरेच होते.

सोबत आलेल्या सुनेला दिवसभराचे खाणे विचारले, तेव्हा उलगडा झाला. सून आठवड्यातून दोनदा घरी केळ्याचा केक करते. मैदा नाही, साखर नाही; कणीक, गूळ आणि केळी. फळाचा म्हणून मावशी सकाळी दोन, संध्याकाळी दोन काप खात होत्या.

हिशेब आम्ही तिथेच कागदावर मांडला. तीन केळी, २०० ग्रॅम कणीक, १५० ग्रॅम गूळ, पाऊण वाटी तेल, अर्धी वाटी दही. सगळे मिळून सुमारे २१०० ते २२०० कॅलरी. बारा काप केले, तर एका कापात साधारण १८० कॅलरी, म्हणजे दोन फुलके. चार काप म्हणजे आठ फुलके, तेही जेवणाव्यतिरिक्त! सून बिचारी गप्पच झाली. तिची चूक कसली? गूळ म्हणजे औषध, असे आपणच घरोघर सांगत आलो. गुळात थोडे लोह व खनिजे असतात, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो, आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. शिवाय केळे जसजसे पिकते, तसतसे त्यातल्या पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर होते. सालीवर काळे ठिपके पडलेली केळीच या केकला चांगली, ती याचसाठी.

आता याचाच फायदा घ्या. केळी इतकी गोड असतील, तर गूळ ५० ग्रॅम पुरतो आणि तेल तीन मोठे चमचे. ओलावा केळ्याच्या गरातून आणि दह्यातून येतो, तेल ओतून नव्हे. केळी काट्याने कुस्करा, त्यात दही, तेल व किसलेला गूळ घाला. कणकेत अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा चाळून मिसळा. दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की वायू सुटतो, त्यानेच केक फुगतो. पावासारखे यीस्ट घालून ताटकळावे लागत नाही. म्हणून मिश्रण एकत्र होताच थांबा, फेटत बसाल तर केक चिवट होईल. लगेच भट्टीत घाला, १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे. भट्टी नसेल, तर जुन्या कुकरच्या तळाशी जाड मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवावा. शिट्टी व रबरी गास्केट आठवणीने काढावे आणि कुकरमध्ये पाणी घालू नये. मंद आचेवर पाऊण तास ते तास लागतो. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. कोकणात तवशाचे धोंडस झाकणावर निखारे ठेवून भाजत, त्याचेच हे शहरी भावंड समजा.

एवढे करूनही एका कापात सुमारे १३० कॅलरी उरतातच. तापातून उठलेल्या माणसाला, खेळून आलेल्या मुलाला तो जरूर द्या. मधुमेही व्यक्तीने कधीतरी एक काप घ्यावा, तोही एका पोळीच्या बदल्यात; आणि केक खाल्ला म्हणून गोळी मनाने वाढवू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र केळ्यातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक. असा ओलसर केक आपल्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, बाहेर दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. पूर्ण निवल्यावर डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. हिरवट-पांढरा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग कापून उरलेला खायची आपली सवय असते. बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. सगळा केक टाकून द्या.

मावशींना मी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावले आहे. जाताना त्यांनी सुनेला सांगितले, "पोरांसाठी कर गो, मला दाखवू नको फक्त."