एका रात्रीचे फूल : परसातील ड्रॅगन फ्रूट

ड्रॅगन फ्रूटचे नाव आता आमच्या भागात कोणास नवे राहिलेले नाही. आमच्याच सांगली जिल्ह्यातील तडसर गावच्या शेतकऱ्यांचे हे फळ जून २०२१ मध्ये दुबईला रवाना झाले. त्याच वर्षी जानेवारीत गुजरात सरकारने त्याला ‘कमलम्’ असे नाव दिले. बारामतीजवळ माळेगाव येथील केंद्रीय संशोधन संस्थेतही या पिकावर काम चालते. परंतु प्रस्तुत लेखात शेतीचा विचार करावयाचा नाही. धुण्याच्या दगडाशेजारी, चार हात जागेत लावलेल्या एका झाडाची ही हकीकत आहे. भारतात हे झाड १९९० नंतरच्या काळात प्रथम घरगुती बागांतूनच आले, तेव्हा परसबागेतील अनुभवही अगदीच अस्थानी ठरू नये. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. काही चुकले असल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमचा जत तालुका दुष्काळी. वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) शेजारच्या गावी एका ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रोजगारावर जातात. २०२२ च्या डिसेंबरात तेथे छाटणी झाली. बांधावर टाकलेल्या कांड्यांतून चार चांगल्या निवडून त्यांनी पिशवीतून घरी आणल्या. तांबड्या गराच्या झाडाच्या त्या कांड्या होत्या. बाजारात हे फळ आम्ही कधी विकत घेतलेले नव्हते. “पोरांना एकदा खाऊ तरी घालू,” एवढाच आबांचा हेतू होता.

आजीला मात्र ते पसंत पडले नाही. “काटेरी झाड घराजवळ नगं. निवडुंग हाय त्यो,” असे तिचे म्हणणे. यातले अर्धे बरोबर होते. हे झाड निवडुंगाच्याच कुळातले आहे. पण आपल्या अनेक घरी कुंडीत ज्याचे कौतुक होते आणि रात्री फूल उमलले की ज्याला हळदकुंकू वाहतात, ते ब्रह्मकमळही त्याच कुळातले! (खरे ब्रह्मकमळ हिमालयात होते, ते झाड निराळेच.) आपले कुंडीतले ब्रह्मकमळ आणि ड्रॅगन फ्रूट ही दोन्ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची. दोघांनाही खरी पाने दिसत नाहीत. आपण पान म्हणतो ते हिरवे खोडच. दोघांचीही फुले रात्री उमलतात. शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ड्रॅगन फ्रूटची गणना ज्या प्रजातीत केली, तिचे ‘सेलेनिसेरियस’ हे नाव चंद्राच्या ग्रीक देवतेवरून आलेले आहे. हे मी आजीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मग त्याला हळदकुकू वाहू व्हय?” असो.

लागवडीत अवघड असे काही नाही. हात-दीड हात लांबीची कांडी घ्यावी आणि सावलीत पाच-सात दिवस पडू द्यावी, म्हणजे कापलेली बाजू सुकते. ओली कांडी तशीच पुरली तर कुजते. कांडीचे वरचे टोक वरच राहील हे पाहावे. ही वेल आहे. तिला चढण्यास आधार लागतो. आम्ही पडक्या कुंपणाचा एक सिमेंटचा खांब दीड फूट जमिनीत पुरला आणि चार बाजूंना चार कांड्या लावल्या. खांबाच्या माथ्यावर दोन गज आडवे घालून त्यांवर मोटारसायकलचा जुना टायर बसविला. कांडी खांबाला मुळ्या धरून वर चढते, टायरमधून बाहेर पडते आणि छत्रीसारखी खाली लोंबते. अशा लोंबत्या फांद्यांवरच पुढे फुले येतात, म्हणून वर चढेपर्यंत बाजूचे फुटवे काढून टाकावेत.

पाण्याचे म्हणाल तर आमच्यासारख्यांच्या दारी परवडेल असे हे झाड आहे. ते दिवसा आपली रंध्रे मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे उन्हात त्याचे पाणी फारसे उडून जात नाही. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी भांडी विसळलेले एक बादली पाणी आम्ही घालत असू. त्यात आई साबण पडू देत नसे. मुळे वरच्यावर असतात. बुडाशी पाणी साचले तर मात्र झाड जाते. दुसरा शत्रू म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. निवडुंगाच्या जातीला उन्हाचे काय भय, असे आम्हांस वाटले होते. पण पहिल्याच उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या फांद्या पिवळ्या पडून भाजल्यासारख्या झाल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात त्यावर जुनी साडी बांधतो.

२०२४ च्या पावसाळ्यात झाडाला पहिल्यांदा कळ्या आल्या. त्याच महिन्यात मी महाविद्यालयात दाखल झाले होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आई रोज कळ्या मोजी. नऊ होत्या. एका रात्री त्यांतल्या पाच उमलल्या. फूटभर लांबीचे पांढरेशुभ्र फूल, आत पिवळ्या केसरांचा झुबका आणि मंद सुवास! शेजारच्या बायका पाहण्यास आल्या. सकाळी फुले मिटून लोंबली. पाच-सहा दिवसांत एकेक देठाशी पिवळे पडले आणि हात लावताच गळाले. राहिलेली चारही तशीच गेली. आईने गळालेली फुले उचलून पदरात गोळा केली, पण बोलली काही नाही. आजी बोलली. “वांझ झाड हाय. दिवाळीला काढून टाका आन् तिथं शेरडं बांधा.”

‘वांझ’ हा शब्द आमच्या घरात सहज उच्चारला जात नाही. माझ्या धाकट्या आत्याने तो सासरी अकरा वर्षे ऐकला आहे. तो शब्द झाडाला लावलेला ऐकूनही आईचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला घेऊन सांगितले, “कालिजात जातीस न्हवं? मग इचार की तिथल्या मास्तरांस्नी, का गळतंय ते.”

आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही. भूगोलाच्या सरांनी त्यांच्या परिचयाच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे मला पाठविले. त्यासाठी एसटीने तासभर जावे लागले. मी खत, पाणी, माती असे सगळे सांगत होते. बाईंनी मधेच थांबवून एकच प्रश्न विचारला, “ही चार रोपे कुठून आणलीत?” एकाच झाडाच्या छाटणीतून, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “मग ती चार नाहीत. ते एकच झाड आहे.”

या एका वाक्यात सारे उत्तर होते. पण ते समजण्यासाठी मला धाकट्या भावाचे शाळेचे विज्ञानाचे पुस्तक पुन्हा उघडावे लागले. फुलाच्या मध्यभागी जो जाड दांडा असतो, त्याच्या टोकाला बोटांसारख्या फाट्यांची चांदणी असते. ती कुक्षी. भोवतालच्या शेकडो बारीक पुंकेसरांच्या टोकांवर पिवळसर पीठ असते. ते पराग. पराग कुक्षीवर पडले आणि रुजले तर खालच्या अंडाशयाचे फळ होते. आता ड्रॅगन फ्रूटची कुक्षी केसरांच्या वर डोके काढून असते, त्यामुळे फुलातले पीठ आपोआप तिच्यावर पडणे कठीण. त्यातही भेद आहे. पांढऱ्या गराच्या बऱ्याच जाती स्वतःचे पराग चालवून घेतात. तांबड्या गराच्या अनेक जाती मात्र स्वतःचे पराग कुक्षीवर पडले तरी ते नाकारतात. त्यांना दुसऱ्या वाणाच्या झाडाचे पराग लागतात. कांडीपासून वाढलेले रोप म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा; त्यामुळे अशी चार काय, चाळीस रोपे लावली तरी पराग एकाच झाडाचे राहतात. आबा कामास जातात त्या बागेत तांबड्याच्या ओळींमध्ये पांढऱ्याच्याही ओळी आहेत, त्या कशासाठी हे तेव्हा उमगले. थोडक्यात, आमचे झाड वांझ नव्हते, एकटे होते.

मूळच्या देशात हे पराग पोहोचविण्याचे काम वटवाघळे आणि मोठे निशाचर पतंग करतात. आपल्याकडे पहाटे फूल मिटण्यापूर्वी मधमाश्या येतात, पण त्या केसरांतच रमतात आणि कुक्षीकडे फारशा वळत नाहीत. वेल सातासमुद्रांपलीकडे आली आणि तिचे सोबती मागे राहिले, असे व्हॅनिलाच्या बाबतीतही झाले होते. तीही मेक्सिकोचीच वेल. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर ती वाढे, पण फळत नसे. १८४१ मध्ये तेथल्या एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने लहानशा काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने परागण करून दाखविले. त्याला कोणी शाळेत घातलेले नव्हते. व्हॅनिलाचे परागण आजही बहुतांशी त्याच रीतीने हाताने केले जाते. आमच्याकडे भोपळ्याचे नरफूल तोडून मादीफुलावर टेकविणाऱ्या बायका आहेतच. तेव्हा आईला ही कल्पना समजावताना मला फार सायास पडले नाहीत.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनअखेर, झाडावर चार कळ्या एकदम भरल्या. उमलण्याच्या दिवशी कळी फुगते आणि तिचे टोक सैल होते. हे आईने माझ्याआधी ओळखले. आबांनी मालकांना विचारून ठेवले होते. संध्याकाळी कामावरून निघताना पांढऱ्या वाणाच्या अर्धवट उमललेल्या फुलाचे केसर त्यांनी दिनदर्शिकेच्या पानावर हलकेच झटकले आणि पुडी करून खिशातून आणली. चिमूटभर पीठ, त्यासाठी आबा अंधारातून सायकल जपून चालवीत आले.

रात्री नऊला फुले पुरती उमलली. आईने बॅटरी धरली. भावाच्या रंगपेटीतला कोरडा कुंचला घेऊन मी कामास लागले. मला खात्री करून घ्यावयाची होती, म्हणून एका फुलाला हातच लावला नाही आणि त्याला पांढरा दोरा बांधला. दुसऱ्याला त्याचेच पराग लावून काळा दोरा बांधला. तो दृष्ट लागू नये म्हणून बांधला असे आजीला वाटले व ती प्रथमच समाधानाने हसली. उरलेल्या दोघांच्या कुक्षीच्या प्रत्येक फाट्यावर आबांच्या पुडीतले पीठ लावून तांबडे दोरे बांधले. एवढ्या रात्री पोरगी परसात काय करते, म्हणून शेजारचे एक काका भिंतीवरून डोकावून गेले.

सहाव्या दिवशी पांढऱ्या व काळ्या दोऱ्याची फुले पिवळी पडून गळाली. तांबड्या दोऱ्यांची वाळली, पण देठाशी हिरवी राहिली आणि हिरवा भाग फुगू लागला. आई दिवसातून दोनदा पाहून येई. सत्ताविसाव्या दिवशी सालीवर गुलाबी छटा आली, तेहेतिसाव्या दिवशी आम्ही फळे काढली. दुकानातल्या काट्यावर एक ३४० ग्रॅम भरले, दुसरे २१०. धाकटे का, याचेही कारण आहे : त्याच्या वाट्याला पुडीतले शेवटचे पीठ आले होते. जितके पराग रुजतात तितक्या बिया धरतात आणि बिया जास्त तितके फळ मोठे. म्हणून पिठात काटकसर करू नये.

कापण्यापूर्वी आजीने एक शंका काढली, “पांढऱ्याचं पीठ लावलंस, मग आत पांढरं निघंल का?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. गर हा आईझाडाच्या अंगाचा असतो. बापाचा वाटा फक्त बियांत उतरतो. म्हणून गर तांबडाच निघाला, इतका की आजीची बोटे बीट चिरल्यासारखी रंगली. त्या बिया पेरल्या तर मात्र निराळेच झाड येईल आणि फळासाठी कित्येक वर्षे थांबावे लागेल. म्हणून लागवड कांडीनेच करावी. घरची आम्ही सहा माणसे, आणि आत्या आलेली होती. तिला आईने मोठ्या फळातली फोड दिली.

पुढच्या बहराला आम्ही फसलो. त्या रात्री पाऊस आला. पराग भिजले आणि पाचपैकी एकही फळ धरले नाही. आता आभाळ असले की फुलावर प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवतो. दुसरी अडचण अशी की पांढरे व तांबडे एकाच रात्री फुलतील असे नाही. पराग कोरडे करून छोट्या डबीत शीतकपाटात ठेवले तर काही दिवस टिकतात. आमच्या घरी शीतकपाट नाही. शेजारच्या काकूंच्या घरी, दह्याच्या भांड्यामागे, आमची डबी राहते. त्यांच्या सुनेने ती एकदा हळद समजून उघडली होती. भिंतीवरून डोकावणारे काका ते याच घरचे. आता त्यांना कांड्या हव्या आहेत.

त्या पावसाळ्यात एकंदर अकरा फळे मिळाली. डिसेंबरच्या छाटणीत आबांनी पांढऱ्या वाणाच्या दोन कांड्या आणल्या. त्या सावलीत सुकवून आम्ही खांबापासून चार हातांवर, शेरडांसाठी ठरलेल्या जागेत लावल्या. त्यांना फुले येण्यास आणखी दीड-दोन वर्षे लागतील; तोवर आबांची पुडी चालू राहील. हा लेख लिहिताना फेब्रुवारी सरत आला आहे. ऊन चढू लागले, म्हणून आईने कालच जुनी साडी धुऊन ठेवली आणि खांबाभोवती बांधण्यासाठी आजीने सुंभ वळून दिले.