मुरलेला रंग आणि उत्स्फूर्ततेची संकल्पना

अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रांच्या संदर्भात ‘उत्स्फूर्त’ हे विशेषण वारंवार योजले जाते. मात्र ‘विचाराविना, आपोआप घडलेले’ असाच त्याचा अर्थ बहुधा गृहीत धरलेला असतो. हा अर्थ कितपत ग्राह्य आहे, हे हेलन फ्रँकेंथालर या अमेरिकन चित्रकर्त्रीच्या ‘माउंटन्स अँड सी’ (१९५२) या चित्राच्या आधारे तपासता येते.

सुमारे सात फूट उंच व दहा फूट रुंद असे हे चित्र कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या प्रवासानंतर रंगविले गेले. पोलॉकप्रमाणे फ्रँकेंथालर यांनीही कॅनव्हास जमिनीवर पसरला. परंतु पोलॉकच्या १९४७ ते १९५० या काळातील चित्रांत रंगाचे थर कापडावर साचतात. येथे टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कापडात मुरतो. त्यामुळे गुलाबी, निळे, हिरवे डाग कापडावर ‘लावलेले’ वाटत नाहीत. कापडच रंगरूप होते.

उत्स्फूर्ततेचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. मुरलेला रंग खरवडून काढता येत नाही. त्यावर दुसरा थर चढविल्यास पारदर्शकता नष्ट होते. म्हणजे प्रत्येक कृती अंतिम ठरते. शिवाय कोळशाच्या रेषा आधीच रेखाटलेल्या आहेत; रंग त्यांना कोठे अनुसरतो, कोठे ओलांडतो. मर्ढेकरांनी प्रतिपादिलेली संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे येथे उपयोगी पडतात. रेषा आणि डाग यांच्यात संवादही आहे, विरोधही. आणि न रंगविलेले मोकळे कापड त्यांचा समतोल राखते. शीर्षकातील पर्वत व समुद्र शोधत बसणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती ही लय लागत नाही.

१९५३ मध्ये मॉरिस लुई व केनेथ नोलंड यांनी हे चित्र पाहिले आणि रंग मुरविण्याची पद्धत आपापल्या परीने अंगीकारली. निव्वळ अपघाताचा असा वारसा चालत नाही.

तात्पर्य, उत्स्फूर्तता म्हणजे विचाराचा अभाव नव्हे. दुरुस्तीची सोय नसताना घेतलेला निर्णय होय. काव्यसमीक्षेतही कवितेला ‘उत्स्फूर्त’ म्हणताना कवीच्या मनःस्थितीचा तर्क पुरेसा ठरत नाही. त्या शब्दाचा आधार कवितेच्या रचनेतच दाखवावा लागतो.