लेकराला शुगर निघाली, तर घराने काय करावे?

शुगर म्हणजे उतारवयातला आजार, असे आपल्या वस्त्यांत बहुतेक जण समजतात. बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आपल्याला माहीत आहे. शेवटच्या वर्षांत शरीर साथ देत नसतानाही त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून पूर्ण केला, हेही आपण ऐकलेले असते. पण आठ-दहा वर्षांच्या लेकराला शुगर आहे असे डॉक्टर सांगतात, तेव्हा घर हादरते. मारेगाव आणि भोवतालच्या गावांत आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तिथे आयाबाया हेच विचारतात. गोड खाल्ल्याने झाले का? गोळीने जाईल का? सुई किती दिवस घ्यायची? पोरीचे पुढे कसे होईल? या वेळच्या आरोग्य पानावर त्याच प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

लेकरांची शुगर वेगळी असते

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. तिथे इन्सुलिन तयार होते. जेवणातून रक्तात आलेली साखर शरीराच्या पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. मोठ्या माणसांच्या शुगरमध्ये इन्सुलिन बनते, पण कमी पडते किंवा नीट काम करत नाही. लेकरांमध्ये बहुतेक वेळा टाइप १ मधुमेह असतो. त्यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हे गोड खाल्ल्याने होत नाही. आईच्या चुकीने होत नाही. कुणाच्या नजरेने होत नाही आणि एकाचे दुसऱ्याला लागतही नाही.

ओळखायचे कसे?

लेकरू सारखे पाणी मागते. वारंवार लघवीला जाते. अंथरूण ओले करणे बंद झालेले असते, ते पुन्हा सुरू होते. खाऊनही वाळत जाते. खेळायचे सोडून पडून राहते. यातले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात बोटाच्या थेंबावर शुगर तपासा. ही लक्षणे असताना शुगर २०० किंवा त्याहून जास्त आली, तर एक दिवसही थांबू नका.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी ही धोक्याची चिन्हे आहेत. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचल्याने असे होते. घरचे लोक याला बाधा समजतात, कधी न्यूमोनिया समजतात, आणि मौल्यवान तास निघून जातात. अशा वेळी अंगारा नाही, उतारा नाही. १०८ ला फोन करा.

इन्सुलिन हे या लेकराचे अन्न आहे

शंभर वर्षांपूर्वी हा आजार झालेले लेकरू काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जात असे. १९२१ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला. संशोधकांनी आपला हक्क टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकला.

आजची लेकरे इन्सुलिन घेऊन शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पण सुई रोज आणि कायम लागते. सुरुवातीचे काही महिने डोस खूप कमी होतो आणि घरच्यांना वाटते, आजार गेला. तो गेलेला नसतो. नेमके याच वेळी कुणीतरी जडीबुटीवाला भेटतो आणि सुई बंद करायला सांगतो. त्याचे ऐकू नका. ताप आला, लेकरू जेवत नाही, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा.

बाटली आणि सुई जुळवून घ्या

आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘४० युनिट’ लिहिलेले असते. तिला ४० ची, लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० च्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज वापरली, तर १० च्या खुणेपर्यंत भरूनही लेकराला ४ युनिटच मिळतात. उलट झाले, म्हणजे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने दिले, तर १० ऐवजी २५ युनिट जातात. ते जिवावर बेतू शकते. मेडिकलवाल्याने काहीही दिले तरी दोन्हींवरचा आकडा स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या.

सुईची जागा रोज बदला. पोट, मांडी, दंड आलटून पालटून वापरा. एकाच जागी टोचले की गाठ होते आणि तिथून औषध नीट लागत नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि दवाखान्यात परत द्या.

फ्रिज नसेल तर मडके

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे नाही, गोठले की ते वाया जाते. घरात फ्रिज नसेल तर एक मोठे मातीचे भांडे घ्या. त्यात ओली वाळू घाला आणि मधोमध लहान मडके बसवा. बाटली झाकणाच्या कोरड्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवा. वर ओले फडके टाका आणि भांडे सावलीत, वाऱ्यावर ठेवा. केनियातील निर्वासितांच्या छावणीतल्या परिस्थितीवर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान २५ ते ३७ अंशांत खालीवर होत असतानाही ४ आठवडे इन्सुलिनची ताकद टिकली, असे त्यात दिसले. आपल्याकडे मे महिन्यात पारा याच्याही वर जातो, म्हणून मडके हवेच. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि ४ आठवड्यांनी नवी घ्या. पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात बाटली ठेवू नका.

शुगर खाली गेली तर

सुई घेतली आणि जेवण चुकले, किंवा खेळ जास्त झाला, तर शुगर ७० च्या खाली जाते. लेकराला घाम येतो, हात थरथरतात, ते चिडते किंवा बरळते. तपासायला मशीन नसेल तरी थांबू नका. ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, अगदी लहान लेकराला थोडी कमी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, मग भाकर-भाजी खाऊ घाला. लेकरू बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर झोपवा आणि १०८ बोलवा.

ताट सगळ्यांचे तेच

लेकरासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी, चणे, अंडे हे सगळे चालते. वेळ आणि माप मात्र ठरलेले हवे. १४ एप्रिलला सगळी वस्ती खीर खात असताना त्याला कोपऱ्यात बसवू नका. जेवणासोबत थोडी द्या, डोसचे आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. वर्षावासात मोठी माणसे उपोसथ पाळतात, पण या लेकराला जेवण चुकवायला लावू नका.

भार एकट्या आईवर नको

आई-बाप पहाटे कापूस वेचायला गेले तर सुई कोण देणार? म्हणून घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांनी शिकून घ्यावे. बाप शिकेल, आजी शिकेल, शेजारची ताईही शिकेल. लेकरू दहा-बारा वर्षांचे झाले की स्वतः सुई घेऊ शकते, पण जवळ मोठे माणूस हवेच. शुगर जास्त आली म्हणून रागावू नका. रागावले की लेकरू आकडा लपवायला शिकते.

मुलगी असेल तर आजार लपवण्याकडे घराचा कल असतो. लपवले की पाहुण्यांसमोर सुई चुकते, शाळेत सुई चुकते, आणि शेवटी तिचा जीव धोक्यात येतो. मुलाला जेवढे इन्सुलिन, जेवढी तपासणी, जेवढी शाळा, तेवढीच मुलीलाही मिळाली पाहिजे. समतेची सुरुवात या मापापासून होते.

शाळा आणि सरकार

वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: आजार काय, लक्षणे काय, दप्तरात साखरेची पुडी कुठे आहे, फोन कुणाला करायचा. पाणी पिणे, लघवीला जाणे, मधल्या वेळी खाणे यासाठी लेकराला अडवू नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत अशा सोयी द्याव्यात, असे राज्यांना कळवले आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मारेगावच्या ग्रामीण रुग्णालयात आधी विचारा. मोठ्या तपासणीसाठी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इन्सुलिन संपले असे कुठेही सांगितले तर रिकाम्या हाताने परतू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, पोच घ्या, आणि त्या दिवसाची सोय काय ते विचारा. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेला ड्रीम ट्रस्ट गरीब घरातल्या अशा लेकरांना इन्सुलिन देण्याचे काम करत आला आहे. तिथेही चौकशी करता येईल.

बैठकीसाठी प्रश्न

रविवारी विहारात हा लेख मोठ्याने वाचा आणि एकमेकींना विचारा:
१. आपल्या वस्तीत सारखे पाणी मागणारे, वाळत चाललेले लेकरू आहे का?
२. बाटली ४० ची असेल तर सिरिंज कोणती?
३. बेशुद्ध लेकराच्या तोंडात काय घालायचे? (काहीच नाही.)
४. ज्या घरी असे लेकरू आहे, तिथे सुई द्यायला शिकलेले दुसरे माणूस कोण?

चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर त्याच बैठकीत एक नाव ठरवा आणि मगच उठा.

जय भीम.