लोगोच्या रंगाचं ऑफिस

प्रश्न : बाणेरला आमच्या ४० जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी नवी जागा घेतली आहे. डिझायनर म्हणतात, भिंती लोगोच्या नारिंगी रंगात रंगवू, बीनबॅग आणि फूसबॉलचं टेबल ठेवू. ऑफिसात कंपनीची ओळख दिसायला एवढं पुरे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नारिंगी रंग रिसेप्शनपुरता ठेवा. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला भडक भिंत जाचते.

पण ओळख रंगातून नाही, कंपनीच्या स्वभावातून दिसते. अ‍ॅमेझॉनच्या सुरुवातीच्या दिवसांत जेफ बेझोस यांनी साध्या दारांना लाकडी पाय ठोकून टेबलं केली. पुढे पैसा आला, तरी काटकसरीची खूण म्हणून ती टेबलं टिकली. फेसबुक मेन्लो पार्कमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जुन्या आवारात गेलं, तेव्हा दर्शनी फलकाच्या मागच्या बाजूला सनचं नाव तसंच राहू दिलं. मोठ्या कंपन्याही बुडतात, याची रोजची आठवण! दोन्हींना फारसा खर्च नाही.

तुमच्याकडे असं काय आहे, ते डिझायनरला सांगता येणार नाही. तुम्हालाच शोधावं लागेल. ‘इथे सगळे समान’ असं भिंतीवर लिहून खिडकीची जागा संचालकांच्या केबिनला दिलीत, तर नवा मुलगा पहिल्याच दिवशी काय ते ओळखतो. खिडक्या टीमला द्या. संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल असतील, तर आवाज बाहेर न जाणाऱ्या दोन-तीन छोट्या खोल्या आधी काढा. बीनबॅगचं नंतर बघू. फूसबॉल हवाच असेल तर पँट्रीच्या पलीकडे, दार लावून.