पुढच्या भागाचा मोह

मी पेणचा, नोकरी रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत. कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं मी पुस्तकातून मान वर न काढताच ओलांडली आहेत. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नपासून सुरुवात झाली. पुढे नारळीकर, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर आले, आणि मग इंग्रजीतल्या ‘फाउंडेशन’, ‘ड्यून’, ‘स्टार वॉर्स’ या मालिका. अलीकडे मात्र याच मालिकांच्या नव्या कादंबऱ्या वाचताना नागोठण्याच्या आतच डोळा लागतो. असं का होतं, याचा विचार करून हाती लागलेलं थोडंसं:

१. कव्हरावरच्या अक्षरांचा आकार बघा.
मालिकेचं नाव ठळक आणि लिहिणाऱ्याचं बारीक असेल, तर प्रकाशक काय विकतो आहे ते तिथेच कळतं. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ 1965 साली प्रसिद्ध झाली. त्याच्या हयातीत मालिकेच्या सहा कादंबऱ्या झाल्या, 1986 मध्ये तो गेला. 1999 पासून त्याचा मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांनी मूळ सहापेक्षा कितीतरी अधिक पुस्तकं काढली. ग्रह तोच, घराणी तीच. वाळवंटातलं पाणी, धर्म आणि सत्ता यांची सांगड घालणारं हर्बर्टचं डोकं मात्र त्यात नाही.

२. न सांगितलेलं तसंच राहू द्यावं.
माणसांनी विचार करणाऱ्या यंत्रांविरुद्ध पुकारलेल्या प्राचीन युद्धाचा हर्बर्ट नुसता उल्लेख करतो. तेवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षं तर्क लढवले. 2002 ते 2004 दरम्यान त्या युद्धावर तीन जाडजूड कादंबऱ्या आल्या आणि तर्काला जागाच उरली नाही. पूर्वकथेत शेवट आधीच ठाऊक असतो. तिथे पोहोचायची वाट तरी मजेची हवी. बहुधा ती नसते.

३. जग कुणाच्या मालकीचं आहे, ते विसरू नका.
डिस्नेने 2012 मध्ये लुकासफिल्म विकत घेतली. 2014 मध्ये, तोवरच्या ‘स्टार वॉर्स’ कादंबऱ्या यापुढे अधिकृत इतिहासात धरल्या जाणार नाहीत, असं जाहीर झालं. वाचकांनी वीसेक वर्षं जपलेली लग्नं, मुलं, मृत्यू एका निवेदनाने रद्द! आता बऱ्याच नव्या कादंबऱ्या सिनेमाला धक्का न लावता दोन चित्रपटांमधल्या फटी बुजवतात. नायक मरणार नाही, बदलणारही नाही, हे पहिल्याच पानावर माहीत असतं. मग जीव टांगणीला लागणार कसा?

४. दुसऱ्याने लिहिलं म्हणून वाईट ठरवू नका.
आमच्या पेणच्या गणपती कारखान्यांत एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी हातानेच होते आणि मूर्तीत जीव येतो तो तिथे. टिमथी झानने 1991 मध्ये ‘स्टार वॉर्स’च्याच साच्यात थ्रॉन नावाचा सेनानी आणला. शत्रूची चित्रं-शिल्पं अभ्यासून हा त्याची पुढची चाल ओळखतो. ही खरी आखणी. आजच्या बहुतेक भागांत साचा तेवढा दिसतो.

५. मूळ लेखक परतला तरी जरा जपून.
आसिमॉव्हने ‘फाउंडेशन’ची तीन पुस्तकं 1953 पर्यंत संपवली. वाचक आणि प्रकाशकांच्या आग्रहावरून 1982 मध्ये तो पुन्हा तिकडे वळला. पुढच्या भागांत त्याने आपल्या यंत्रमानवांच्या कथाही याच इतिहासाला जोडल्या. हिशेब चोख जुळला, पण माझ्यापुरती ती अफाट आकाशगंगा एकदम लहान झाली.

६. मराठीत अशा मालिका नाहीत, याची खंत नको.
रहस्यकथेत आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता, भयकथेत नारायण धारपांचे समर्थ होते. विज्ञानकथेने मात्र ती वाट फारशी धरली नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. म्हणजे नावाचं वजन मुद्दाम बाजूला ठेवून निव्वळ कथेच्या बळावर. पुढेही त्यांच्या कथेचा नायक बहुधा एखादी कल्पनाच असे. कल्पना संपली की कथाही संपे.

७. सुरुवात पहिल्या पुस्तकापासूनच करा.
‘ड्यून’चा सिनेमा पाहून भाचा विचारत होता, “मामा, कालक्रमाने वाचू का?” म्हटलं, “अजिबात नको. 1965 चं वाच आणि थांब. थांबवलंच नाही, तर पुढचं बघू.”

तुम्हालाही हेच सांगणं आहे. पुढचा भाग आधी वाचनालयातून आणा, पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर बिनदिक्कत परत करा. आणि वाचलेले पैसे एखाद्या नव्या मराठी विज्ञानकथासंग्रहावर खर्च करा. लेखकाचं नाव ओळखीचं नसलं तरी चालेल.