सॉसेज : कसे बनते आणि कसे खावे?

गोव्याहून येताना पुष्कळ मंडळी काजूबरोबर चोरीसची माळही आणतात. मग दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, हे तसेच खाल्ले तर चालते का?" याचे उत्तर ते सॉसेज कसे बनवले आहे यावर अवलंबून असते.

मांसाचा खिमा किंवा बारीक तुकडे, चरबी, मीठ व मसाला स्वच्छ केलेल्या आतड्याच्या नळीत भरले, की सॉसेज होते. फ्रीज नव्हते तेव्हा मांस टिकवण्याची ही युक्ती होती. याचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

ताजे सॉसेज : हे पूर्णपणे कच्चे असते. फ्रीजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत शिजवून संपवावे.

शिजवलेले सॉसेज : उदाहरणार्थ फ्रँकफर्टर. मांस अगदी बारीक वाटून नळीत भरतात व शिजवतात. काहींना धुरीही देतात.

मुरवून वाळवलेले सॉसेज : सलामीत उपयुक्त जिवाणूंमुळे आंबटपणा येतो. नंतर ती कित्येक आठवडे वाळवतात व तशीच कापून खातात. गोव्याच्या चोरीसची रीत वेगळी. डुकराच्या मांसाचे तुकडे मिठात ठेवून त्यातले पाणी काढतात. मग लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवतात. आतड्यात भरून, मण्यांसारख्या गाठी मारून उन्हात वा धुरावर वाळवतात. पोर्तुगीजांकडून आलेला हा पदार्थ पावसाळ्याच्या बेगमीसाठी उन्हाळ्यात करून ठेवण्याची पद्धत आहे. लक्षात ठेवा, चोरीस वाळलेले असले तरी कच्चेच असते.

नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी होऊ शकतो. त्याची अंडी रुग्णाच्या शौचातून बाहेर पडतात. न धुतलेले हात, भाजीपाला वा पाणी यांतून ती कोणाच्याही पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात. म्हणूनच हा आजार शाकाहारी माणसालाही होतो.

दुसरा धोका बॉट्युलिझमचा. हे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. जर्मनीतील डॉ. युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास या विषबाधेचा सविस्तर अभ्यास केला. हे जंतू वाढू नयेत व रंग गुलाबी राहावा म्हणून कारखान्यांत नायट्राइट घालतात.

मात्र खारवलेले व प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास हा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. कधीतरी खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही; रोजची सवय मात्र नको.

एवढे पाळा :

१. चोरीस व ताजे सॉसेज आतपर्यंत शिजवा. नुसते वरून तळणे पुरेसे नाही.

२. चोरीसच्या रश्श्यात वरून मीठ घालू नका. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे.

३. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास शक्यतो टाळा.

४. गरोदर स्त्रियांनी थंड सलामी खाऊ नये.

५. बुळबुळीत झालेले वा वास येणारे सॉसेज फेकून द्या. वास आला नाही म्हणजे ते चांगलेच आहे असेही समजू नका.

६. कच्च्या मांसाची सुरी व पाट वेगळे ठेवा. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवा.