राघूचें पिल्लूं : कोणतें ठेवावें व कसें सांभाळावें

पोपट पाळण्याची हौस आपल्या देशांत फार जुनी आहे. शुकबहात्तरींतील पोपट घरच्या शहाण्या माणसाप्रमाणें गोष्टी सांगतो, जात्यावरच्या ओव्यांत राघू-मैना येतात, आणि ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील ‘मिठू’ आपणांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिला असेल. परंतु हौस जुनी असली तरी तिचे नियम आतां बदलले आहेत, आणि पक्ष्याच्या प्रकृतीविषयींची माहितीही वाढली आहे. ती नसल्यामुळें पिल्लें हकनाक मरतात, व भोळा मनुष्य कायद्याच्या कचाट्यांत सांपडतो तो वेगळाच. म्हणून चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंसाठीं येथें दोन गोष्टी सांगावयाचें योजिलें आहे. पहिली, रानांतील पिल्लूं हातीं आल्यास काय करावें. दुसरी, ज्यास या कुळांतील पक्षी घरीं ठेवावयाचाच आहे, त्यानें कोणता निवडावा व कसा जगवावा.

१. आपल्या रानांतील पोपट.— आपल्याकडे मुख्यत्वें तीन जातींचे पोपट आढळतात. शेतांत व गांवाजवळ नेहमीं दिसतो तो साधा पोपट अथवा कीर. त्याच्या नराच्या गळ्याभोंवतीं काळी व गुलाबी कंठी असते. ती सुमारें तिसऱ्या वर्षीं पुरती उमटते. त्याहून मोठा व खांद्यावर तांबडा डाग असलेला, त्यास बाजारांत पहाडी पोपट म्हणतात. तिसरा लहान असून त्याच्या नराचें डोकें जांभळट तांबडें असतें. तिन्ही जाती झाडांच्या ढोलींत अंडीं घालतात. साध्या पोपटाचीं अंडीं बहुधा तीन ते पांच असतात. तीं सुमारें तीन आठवड्यांनीं फुटतात, आणि सहा-सात आठवड्यांचें झाल्यावर पिल्लूं ढोलीबाहेर उडतें.

हा विणीचा हंगाम माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत चालतो. नेमक्या याच दिवसांत मोहफुलें वेंचण्यासाठीं व पुढें तेंदूपत्ता तोडण्यासाठीं माणसें पहांटेपासून रानांत असतात. साहजिकच पिल्लें नजरेस पडतात, आणि एखादें उचलून घरीं आणण्याचा मोह होतो. पण आईबाप आपल्या गळ्यांत मऊ केलेलें अन्न पिल्लाच्या चोंचींत दिवसभर भरवीत असतात. माणसाच्या हातून तें सहसा होत नाहीं. दूध-पोळी किंवा नुसता भात यांवर वाढलेल्या पिल्लाच्या हाडांस पुरेसा चुना मिळत नाहीं, पाय वांकडे होतात व पंख दुबळे राहतात. शिवाय पिल्लूं काढण्यासाठीं ढोलीचें तोंड फोडलें, कीं ती ढोली पुढें पक्ष्यास उपयोगी पडत नाहीं. म्हणजे एका पिल्लापायीं पुढील कित्येक विणींचें घर जातें.

२. कायदा काय म्हणतो.— आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केलेली असल्यामुळें लोक आम्हांस विचारतात कीं, झाड आमच्या सातबाऱ्यावर आहे, मग त्यावरील पोपट आमचा कां नव्हे? याचें उत्तर असें कीं, सातबारा जमिनीचा आहे, पांखराचा नाहीं. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमांत ‘शिकार’ या शब्दांत पक्षी पकडणें आणि त्याच्या अंड्यांस वा घरट्यास उपद्रव देणें यांचाही समावेश आहे. २०२२ सालीं या अधिनियमांत दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. आपले देशी पोपट आतां दुसऱ्या अनुसूचींत आहेत. त्यांस पकडणें, विकणें, विकत घेणें किंवा पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. बाजारांत कोणी ‘घरींच वाढविलेला आहे’ असें सांगून देशी पोपट देऊं केला, तरी तो घेऊं नये. पोपट ज्वारीच्या कणसांवर व पेरूच्या बागेंत नासाडी करतात ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. परंतु तिचा उपाय राखण, जाळी व चकचकीत फिती हा आहे, फांसे हा नव्हे.

३. पिल्लूं सांपडल्यास.— प्रथम तें कोणत्या अवस्थेंत आहे तें पाहावें. अंगावर पिसें नसलेलें किंवा कोंब फुटलेलें पिल्लूं झाडाखालीं धडधाकट आढळलें, तर त्याची ढोली शोधून तें परत आंत ठेवावें. माणसाचा हात लागल्यास आईबाप पिल्लूं टाकतात ही समजूत खरी नाहीं. अंगभर पिसें आलेलें व शेपूट अजून आंखूड असलेलें पिल्लूं उडावयास शिकत असतें. त्याला जवळच्या फांदीवर बसवावें, कुत्रीं-मांजरें हांकावीं, व आपण दूर व्हावें. आईबाप बहुधा जवळच असतात.

पिल्लूं जखमी असेल किंवा झाडच तुटलें असेल, तर भोंकें पाडलेल्या खोक्यांत मऊ फडकें घालून त्याला ठेवावें. खोकें उबदार, काळोख्या व शांत जागीं असावें. दूध मुळींच देऊं नये. तें पक्ष्यास पचत नाहीं. चोंच उघडून पाणी ओतूं नये, कारण श्वासनळीचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें, व दोन थेंबांनींही पिल्लूं गुदमरतें. लगेच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयांत कळवावें. अधिनियमाच्या ३९ व्या कलमांत अशी खबर देण्यास ४८ तासांची मुदत सांगितली आहे. चंद्रपूर येथें, तसेंच नागपुरास सेमिनरी हिल्स येथें, वन्यप्राण्यांचें उपचार केंद्र आहे. ज्यांच्या घरीं आधींपासून देशी पोपट आहे, त्यांनींही तो भीतीनें एकाएकीं उडवून देऊं नये. पिंजऱ्यांत वाढलेल्या पक्ष्यास दाणा शोधतां येत नाहीं व शत्रूही ओळखतां येत नाहीं. तो वन विभागाच्याच स्वाधीन करावा.

४. मग काय पाळावें?— नवशिक्यास सर्वांत सोयीचा पक्षी म्हणजे बजरीगर. बाजारांत याला पुष्कळदां ‘लव्हबर्ड’ म्हणतात, पण खरा लव्हबर्ड निराळा, आफ्रिकेंतला. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियांतील कोरड्या मुलखाचा. १८४० सालीं जॉन गूल्ड यानें तो जिवंत इंग्लंडांत नेला, आणि तेव्हांपासून तो पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांतच निपजत आला आहे. वजन तीस-चाळीस ग्रॅम व आयुष्य पांच ते दहा वर्षें. त्याहून मोठा, डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील. तो नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षें जगतो. हे दोन्ही पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादींत नाहींत. इतर बहुतेक परदेशी पोपट त्या यादींत आहेत. त्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणें केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. कोणताही पक्षी घेतांना पावती अवश्य मागावी.

पिल्लूं सहा ते आठ आठवड्यांचें, आपण होऊन दाणा फोडणारें असावें. हातानें भरवावें लागणारें पिल्लूं नवशिक्यानें घेऊं नये. कोंवळ्या बजरीगरच्या कपाळावर नाकापर्यंत आडव्या रेघा असतात व डोळा सगळा काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनीं पहिलीं पिसें झडलीं कीं कपाळ स्वच्छ होतें. हा पक्षी थव्याचा आहे. घरांत दिवसभर माणूस नसेल तर जोडी ठेवावी.

५. पिंजरा.— जोडीस पिंजरा निदान दोन फूट लांब असावा. उंचीपेक्षां लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. गोल पिंजरा टाळावा. बसावयास गुळगुळीत दांडीऐवजीं पेरू, जांभूळ किंवा कडुनिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या फांद्या लावाव्या, म्हणजे पायांस व्यायाम होतो. पिंजरा भिंतीला लागून, डोळ्यांच्या उंचीवर, सांप व मांजर पोंचणार नाहीं असा ठेवावा. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तो ठेवूं नये. राणीखेत रोग पोपटांसही होतो. रात्रीं दहा-बारा तास काळोख व शांतता मिळावी.

६. दाणा-पाणी.— या बाबतींत शेतकऱ्यासारखा भाग्यवान पालक नाहीं. राळा, वरई, बाजरी, कुटकी, कोदो हींच या पक्ष्यांचीं धान्यें. कोदो मात्र कोरडा व बुरशीविरहित असावा; बुरशीच्या कोदोनें माणसालाही भोंवळ येते. पेरणीसाठीं औषध चोळलेलें बियाणें विषारी असतें. त्याचा एकही दाणा पक्ष्याजवळ जाऊं देऊं नये. एका बजरीगरास दिवसाला चहाचे दीड-दोन चमचे दाणा पुरतो. दाण्याबरोबर शेवग्याचा पाला, पालक, कोथिंबीर, किसलेलें गाजर द्यावें. फवारणी झालेल्या शेतांतील पाला देऊं नये. चुन्यासाठीं समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. मीठ, चहा, चॉकलेट, तळण व कांदा वर्ज्य. अव्होकाडो हें फळ तर पक्ष्यास प्राणघातक आहे.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. हे पक्षी दाणा सोलून खातात व टरफल वाटींतच टाकतात. वाटी भरलेली दिसते, आणि पालक समजतो कीं दाणा आहे. म्हणून रोज सकाळीं वाटीवर फुंकर घालून टरफलें उडवावीं व खालीं दाणा किती उरला तें पाहावें. पाणी दोन वेळां बदलावें.

७. ऊन व धूर.— वैशाखांत चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांवर जातो. पक्षी चोंच उघडून धापा टाकूं लागला व पंख अंगापासून दूर धरूं लागला, तर त्यास उष्मा बाधला असें समजावें. पिंजरा पत्र्याच्या छपराखालून काढावा, खिडकीस वाळ्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा पडदा लावावा, व उथळ वाटींत अंघोळीचें पाणी ठेवावें. कूलरचा झोत अंगावर सोडूं नये. चुलीचा व डासांच्या अगरबत्तीचा धूर त्याच्या फुप्फुसांस अपाय करतो, आणि न चिकटणारा लेप असलेला तवा फार तापला तर त्याच्या वाफेनें पक्षी कांहीं मिनिटांतच मरतो. पिंजऱ्याबाहेर सोडण्यापूर्वीं छताचा पंखा बंद करावा, दारें-खिडक्या लावाव्या, पाण्याचीं भांडीं झांकावीं.

८. माणसाळविणें.— पहिले तीन-चार दिवस पक्ष्यास हात लावूं नये. नंतर रोज ठराविक वेळीं जवळ बसून हळू बोलावें. पुढें बाहेरून, मग आंत हात घालून राळ्याचें कणीस धरावें. पक्षी भीति सोडून हातावर चढण्यास आठवडे लागतात. धरून, दाबून माणसाळविलेला पक्षी चावरा निघतो. बजरीगरचा नर शब्द उचलतो, पण बोलण्यासाठीं पक्षी घेऊं नये. न बोलला तर त्याची आबाळ होते.

९. आजार.— हे पक्षी दुखणें लपवितात. पिसें फुगवून दिवसा झोंपणें, तळाशीं बसणें, श्वासाबरोबर शेपूट हलणें, विष्ठेचा रंग वा पातळपणा बदलणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास पक्ष्यास ऊब द्यावी व त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. नवा पक्षी महिनाभर जुन्यापासून वेगळा ठेवावा. पोपटांचा एक ज्वर माणसासही होतो. १९२९-३० सालीं त्याची सांथ युरोप-अमेरिकेंत पसरली होती. म्हणून विष्ठा कोरडी झाडूं नये, पाणी शिंपडून पुसावी, व हात साबणानें धुवावे. घरांत कोणास दीर्घ ताप व खोकला आल्यास घरीं पक्षी आहे हें डॉक्टरांस सांगावें.

सारांश, रानांतील राघू रानांतच राहूं द्यावा, आणि घरीं ठेवावयाचा तो पिंजऱ्यांतच निपजलेला पक्षी असावा. त्याचे लाड कमी झाले तरी चालतील. दाणा, पाणी, सांवली व रोजची देखरेख यांत मात्र खंड पडूं नये. येत्या हंगामांत मोहाखालीं एखादें पिल्लूं दिसलें, तर वाचकांनीं वरील तिसरें कलम आठवावें, आणि आपल्याबरोबरच्या मुलांसही तें समजावून सांगावें.